वैमानिकाचा तास आणि संघटनेचा आकडा

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं विमान विमानतळाच्या काही मैल अलीकडे एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि त्या घरातला एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावणी घेतली. विमानाचा वेग कसा घटला, धोक्याच्या इशाऱ्यानंतर कॅप्टननं काय केलं, प्रशिक्षणात काय राहून गेलं, याची तिथे बारकाईनं चर्चा झाली. लोकांच्या लक्षात मात्र एक आकडा राहिला. त्या विमानातली २४ वर्षांची सहवैमानिक वर्षाला सुमारे १६ हजार डॉलर मिळवत होती. ती सिअॅटलजवळ आईवडिलांकडे राहायची. कामावर हजर होण्यासाठी ती आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, मेम्फिसमार्गे, अख्खा देश ओलांडून न्यूअर्कला आली होती. याआधी काही काळ तिनं नोकरीच्या जोडीला कॉफीच्या दुकानातही काम केलं होतं.

पुढे कंपनीनं खुलासा केला की तो आकडा बरोबर नाही, पगार २४ हजारांच्या घरात होता.

दोन्ही आकडे लाज वाटावी इतके कमी आहेत, आणि ते मी आधीच सांगून टाकतो. पण एका माणसाच्या वर्षाच्या पगाराचे दोन आकडे होतातच कसे? शिक्षकाचे होत नाहीत, बँकेतल्या कारकुनाचे होत नाहीत. वैमानिकाचे होतात, कारण त्याचा पगार ज्या पद्धतीनं मोजला जातो ती पद्धतच तशी घडत आली आहे. संघटना त्या मोजमापातून एक आकडा उचलते, कंपनी दुसरा. वैमानिकांची बाजू मला न्याय्य वाटते, म्हणूनच त्यांच्या संघटनांनी कोणता आकडा उचलला आणि का उचलला, याचा माग काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी हिशेब समजून घेऊ. बहुतेक अमेरिकी कंपन्यांत वैमानिकाला ताशी पगार मिळतो. पण तो तास कार्यालयातला तास नव्हे. विमान फलाटापासून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पुढच्या विमानतळावर फलाटाला लागलं की थांबतं. यालाच ब्लॉक अवर म्हणतात. त्याआधीची तपासणी, हवामानाचे कागद, दोन फेऱ्यांमधली तीन तासांची बसून काढलेली वाट आणि परगावच्या हॉटेलातली रात्र या ब्लॉक अवरमध्ये धरत नाहीत. दरमहा किती तास नक्की मिळतील याची हमी करारात असते, साधारण ७५ तासांची. आता ताशी २० डॉलर हा दर घ्या. कार्यालयात काम करणारा वाचक मनातल्या मनात आठवड्याचे ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे गुणतो आणि ४१,६०० वर पोचतो. वैमानिकाच्या हातात येतात १८ हजार. उलट बाजूला मोठ्या विमानाच्या कॅप्टनचा दर ताशी ३०० डॉलर असला, तर तोच वाचक सव्वासहा लाखांवर जाऊन थक्क होतो. प्रत्यक्षात हमीच्या तासांवर होतात २ लाख ७० हजार. एकच सूत्र एकदा गरिबी झाकतं, एकदा श्रीमंती फुगवतं.

हे सूत्र आलं कुठून, तर टपालातून. अमेरिकेच्या टपाल खात्यानं १९१८ मध्ये हवाई टपाल सुरू केलं. वैमानिकांना मूळ पगार आणि वर उडवलेल्या मैलांचा भत्ता मिळायचा, रात्रीच्या उड्डाणाला जास्त. विमानं उघड्या कॉकपिटची होती, वाट दाखवायला खाली रेल्वेचे रूळ. खात्याचे अधिकारी वेळापत्रकावर अडून बसायचे, धुकं असो की पाऊस. जुलै १९१९ मध्ये वैमानिकांनी दाट धुक्यात उडायला नकार दिला, दोघांना काढून टाकलं, आणि बाकीच्यांनी काम थांबवलं. काही दिवसांत तडजोड झाली. वैमानिकांचा हा पहिलाच संप, आणि तो पगारासाठी नव्हता, कधी उडायचं हे कोण ठरवणार यासाठी होता. या खात्यात १९१८ ते १९२७ या काळात तीसहून अधिक वैमानिक कामावर मरण पावले. त्या मृत्यूंची आठवण पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत वैमानिकांच्या बाजूनं बसलेली असे, आणि तिचा वापर प्रत्येक वेळी सारखाच प्रामाणिक नव्हता. त्याकडे मी पुढे येईन.

हवाई टपाल खाजगी कंपन्यांकडे गेलं तरी मैलांचा भत्ता टिकला. मग मंदी आली. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्की या वैमानिकानं शिकागोत सहकाऱ्यांना एकत्र करून एअर लाइन पायलट्स असोसिएशन उभी केली. पुढच्याच वर्षी ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीच्या सेंच्युरी एअरलाइन्समध्ये पगारकपात झाली. महिना दीडशे डॉलर घ्या नाहीतर निघा, असा सरळ हिशेब होता. वैमानिक बाहेर पडले, त्यांच्या जागी दुसरे आले. ती लढाई वैमानिक मैदानात हरले, पण काँग्रेसमध्ये जिंकले. फिओरेलो ला ग्वार्डिया यांच्यासारखे लोकप्रतिनिधी त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि कॉर्डला टपालाचं कंत्राट मिळालं नाही. आपला खरा मालक कंपनी नसून टपालाचे पैसे देणारं सरकार आहे, हे बेन्कीला तेव्हा उमगलं.

१९३३ मध्ये प्रश्न मुळाशी आला. फोर्डचं तीन इंजिनांचं विमान ताशी शंभर मैलांच्या आसपास जायचं. त्या वर्षी आलेलं बोइंग २४७ दीडशेच्या पुढे जायला लागलं. मैलांवर पगार असेल तर वेग वाढला की वैमानिकाची कमाई आपोआप वाढते. मोठ्या कंपन्यांनी म्हणून जाहीर केलं, यापुढे पगार तासावर. कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं, की विमान आमचं, त्यात पैसा आमचा, मग वेगाचा फायदा वैमानिकाला का? संघटना म्हणत होती की वेगाबरोबर जबाबदारी वाढते, जोखीम वाढते, आणि एक माणूस पूर्वी दोन माणसं करायची तेवढं काम करतो. बेन्कीनं देशभर संपाची धमकी दिली आणि वाद राष्ट्रीय कामगार मंडळासमोर गेला. कंपन्यांच्या भात्यात एक प्रभावी बाण होता. लाखो लोक भाकरीच्या रांगेत उभे असताना वैमानिक महिन्याला शेकडो डॉलर मिळवतात, हा तो बाण. आणि ते खरंही होतं.

इथे संघटनेनं जे केलं त्याचा मला आदर वाटतो. आम्ही गरीब आहोत असा दावा तिनं केला नाही. करताही आला नसता. आमचा पगार चांगला आहे, तो का असायला हवा ते ऐका, अशी तिची मांडणी होती. उमेदीची वर्षं थोडी, वैद्यकीय तपासणीत एकदा नापास झालं की कारकीर्द संपली, आणि यंत्र सुधारलं की त्यातून निघणाऱ्या जादा उत्पन्नात ते यंत्र चालवणाऱ्याचा वाटा आहे. शेवटचा मुद्दा तर कोणत्याही काळातल्या, कोणत्याही कामगाराला लागू पडणारा.

१० मे १९३४ ला निकाल आला. तो निर्णय क्रमांक ८३ या नावानं ओळखला जातो. न्यायमूर्ती बर्नार्ड शिन्टॅग यांनी तासही ठेवला आणि मैलही. मूळ पगार सेवेच्या वर्षांवर, ताशी दर विमानाच्या वेगावर, त्यावर मैलांचा भत्ता, आणि महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाण. त्या वर्षी फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी टपालाची खाजगी कंत्राटं रद्द करून ते काम लष्कराला दिलं होतं आणि काही आठवड्यांत दहाहून अधिक लष्करी वैमानिक दगावले होते. नागरी वैमानिकाचं कसब किती मोलाचं आहे हे सांगायला वेगळ्या युक्तिवादाची गरज उरली नाही. निर्णय ८३ पुढे १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यातच गुंफला गेला. वेतनाचं सूत्र कायद्याच्या आधारानं उभं असलेला हा एक विरळा व्यवसाय.

पुढची चाळीस वर्षं या सूत्राची भरभराट झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाचं वजनही पगारात धरलं जाऊ लागलं. विमान जितकं जड आणि वेगवान, तितका दर मोठा. जेट आलं, मग बोइंग ७४७ आलं. भाडी सरकारी मंडळ ठरवत होतं, खर्च वाढला की भाडं वाढवून मिळायचं, त्यामुळे कंपन्यांनाही फारसा त्रास नव्हता. पण या भरभराटीतून एक उतरंड तयार झाली, आणि पुढच्या सगळ्या घोळाचं बीज त्यात आहे. कोण कोणतं विमान उडवणार हे ज्येष्ठतेवर ठरतं. ज्येष्ठता कंपनीपुरती असते, म्हणजे वीस वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर तिथल्या यादीत शेवटचा. त्यामुळे नवा वैमानिक पहिली काही वर्षं कमी पगारावर काढतो, पुढे ज्येष्ठ झालो की भरपाई होईल या भरवशावर. एकाच संघटनेच्या छत्राखाली आता दोन अगदी वेगळी माणसं होती. तिनं आपली बाजू मांडताना कोणाचा पगार सांगायचा?

धोक्याचा दावा पगाराच्या वादात कसा उतरतो त्याचं उदाहरणही याच काळातलं. साठ आणि सत्तरच्या दशकांत कॉकपिटमध्ये दोन माणसं पुरेत की तिसरा हवाच, यावर मोठं भांडण झालं. संघटना म्हणत होती की तिसऱ्याशिवाय सुरक्षितता धोक्यात येईल. तिसरा माणूस म्हणजे सदस्यांच्या हजारो नोकऱ्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं. १९८१ मध्ये अध्यक्षीय कृतिदलानं हा प्रश्न तपासला आणि दोन वैमानिकांची विमानं सुरक्षित असू शकतात असा निष्कर्ष काढला. पुढच्या दशकांनी तो खरा ठरवला. संघटनेतल्या अनेकांना तिसऱ्याची गरज मनापासून वाटत असेल, त्यांच्या अनुभवातून ती आली असेल, हे मी मानतो. पण जिथे नोकऱ्या वाचवायच्या आहेत तिथे नोकऱ्या वाचवायच्या आहेत असंच म्हणावं. प्रवाशाच्या जिवाचं नाव घेऊन केलेली मागणी खोटी ठरली की पुढच्या खऱ्या इशाऱ्याचं वजन घटतं, आणि त्याची किंमत प्रवासीच मोजतो.

१९७८ मध्ये भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि खर्च वाढला की भाडं वाढवून मिळण्याचे दिवस संपले. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीप्रमुख फ्रँक लोरेन्झो यांनी कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सला दिवाळखोरीच्या न्यायालयात नेलं. कंपनीच्या तिजोरीत पैसे होते, तरीही. न्यायालयाच्या आडोशानं त्यांनी कामगारांचे करार रद्द ठरवले आणि कॅप्टनचा पगार जवळजवळ निम्म्यावर आणला. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सनं दुसरी वाट काढली, आणि माझ्या मते ती जास्त खोलवर रुजली. आज कामावर असलेल्यांच्या पगाराला हात लावायचा नाही, उद्या येणाऱ्यांना मात्र खालची श्रेणी लावायची. हिचं नाव बी-स्केल. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाचा पगार शाबूत राहत होता, आणि ज्यांचा कापला जाणार होता ते अजून नोकरीला लागलेच नव्हते, म्हणून त्यांना मतही नव्हतं. १९८५ मध्ये युनायटेडच्या वैमानिकांनी याच बी-स्केलविरुद्ध २९ दिवस संप केला. प्रशिक्षण घेऊन रुजू होण्याच्या बेतात असलेल्या सुमारे ५७० नव्या वैमानिकांपैकी बहुतेकांनी, नोकरीचा पहिला दिवसही न भरता, संपाची रेषा ओलांडायचं नाकारलं. वैमानिकांच्या चळवळीतला हा मला सगळ्यात अभिमानास्पद वाटणारा प्रसंग.

बी-स्केल हळूहळू कंपन्यांतून गेलं आणि दुसऱ्या दारानं परत आलं. मोठ्या कंपन्यांनी छोट्या शहरांच्या फेऱ्या प्रादेशिक कंपन्यांना कंत्राटानं दिल्या. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, वैमानिक मात्र दुसऱ्याच कंपनीचा आणि दुसऱ्याच पगाराचा. किती आसनांची विमानं अशी बाहेर द्यायची याची मर्यादा मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांच्या करारांत असे, आणि वर्षावर्षाला ती सैल होत गेली. आपल्या पगारवाढीच्या बदल्यात ज्येष्ठांनी ती सैल होऊ दिली. कारण साधं होतं. पन्नास आसनी विमानाला परवडेल अशा दरावर त्यांना स्वतःला उडायचं नव्हतं. डेल्टाचे वैमानिक आणि डेल्टासाठी उडणाऱ्या कॉमएअरचे वैमानिक एकाच संघटनेचे सदस्य होते. २००१ मध्ये कॉमएअरच्या वैमानिकांनी ८९ दिवस संप केला. त्यांच्यातल्या काहींनी तर संघटनेवरच खटला भरला, की ती मोठ्यांचं हित जपते आणि आमचं विकते.

तरुण वैमानिकांच्या पगाराबद्दल संघटनेनं जो शोक केला त्याकडे मी या पार्श्वभूमीवर बघतो. शोक खरा होता. पण तो पगार कोणत्या टेबलावर, कोणाच्या सह्यांनी इतका खाली आला, हे ती क्वचितच सांगायची.

आणि मग २००९. जानेवारीत कॅप्टन सलनबर्गर यांनी हडसन नदीवर विमान उतरवून सगळ्यांना वाचवलं, महिन्याभरात बफेलोचा अपघात झाला, आणि २४ फेब्रुवारीला सलनबर्गर काँग्रेसच्या उपसमितीसमोर बसले. आपला पगार ४० टक्के कापला गेला, निवृत्तिवेतन गेलं आणि त्याच्या जागी सरकारी हमीचा तुटपुंजा तुकडा आला, असं त्यांनी सांगितलं. अनुभवी माणसं या व्यवसायातून निघून जातील, ही त्यांची भीती होती. मला ही साक्ष नमुनेदार वाटते. ते स्वतःच्याच पगाराबद्दल बोलले, किती होता आणि किती कापला गेला हे त्यांनी सांगितलं, आणि कमी पगारामुळे विमानं पडतात असं म्हटलं नाही.

ते इतरांनी म्हटलं. १६ हजारांचा आकडा वणव्यासारखा पसरला. त्याच वर्षी मायकेल मूर यांच्या माहितीपटातही वैमानिकांच्या हलाखीचा भाग आला. पगार कमी, म्हणून थकवा, म्हणून अपघात, अशी साखळी लोकांच्या मनात पक्की झाली. सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल २०१० च्या फेब्रुवारीत आला. त्यानं अपघाताचं संभाव्य कारण सांगितलं ते असं, की विमान स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल हरवण्याकडे, जात असल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टननं जे करायचं त्याच्या उलट केलं. थकव्यानं दोघांच्या कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता मंडळानं मान्य केली, पण किती ते ठरवता येत नाही म्हणून कारणांच्या यादीत थकवा घातला नाही. अध्यक्ष डेबोरा हर्समन यांना तो यादीत हवा होता. त्यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. पगार त्या यादीत कुठेच नव्हता.

माझा मुद्दा असा. त्या मुलीला २४ हजार मिळत होते म्हटलं असतं, तरी अन्याय तेवढाच उघड होता. ती आईवडिलांकडे राहत होती आणि रात्रभर प्रवास करून कामावर आली, एवढं पुरेसं होतं. १६ चा आकडा वापरल्यानं कंपनीला आकडा दुरुस्त करण्याची संधी मिळाली, आणि दुरुस्ती करणारा काही काळ सत्यवादी दिसतो. वैमानिकांच्या प्रचारात आणखी एक भागाकार वारंवार दिसायचा. महिन्याचा पगार घ्यायचा आणि घराबाहेर काढलेल्या एकूण तासांनी भागायचा. हे तास सहज ३०० होतात, मग १,५०० डॉलरचे ताशी ५ डॉलर होतात, म्हणजे तेव्हाच्या सव्वासात डॉलरच्या किमान वेतनापेक्षाही कमी. आकडेमोड बरोबर आहे. पण त्या ३०० तासांत हॉटेलातली झोपही आहे, आणि जेवणखाणाचा वेगळा भत्ता हिशेबाबाहेर ठेवलेला आहे. हजेरीच्या तासांनी भागलं असतं तरी पगार कमीच दिसला असता, आणि त्याला कोणी आव्हान देऊ शकलं नसतं.

कंपन्या काय करत होत्या? त्या ज्येष्ठ कॅप्टनचा पगार पुढे करत होत्या, सरासरी सांगत होत्या. सरासरीत ७४७ चा कॅप्टन आणि पन्नास आसनी विमानाचा सहवैमानिक एकत्र बसतात आणि दुसरा दिसेनासा होतो. हा अप्रामाणिकपणा मला जास्त गंभीर वाटतो, कारण सगळी वेतनपत्रकं कंपनीच्या कपाटात असतात. संघटनेला निदान माहितीची उणीव असू शकते.

आपल्याकडे मुंबईच्या कामगारांनी आकड्यांची ही लढाई फार पूर्वी, आणि फार चांगली लढली होती. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकाला जोडला होता तोच महागाई कमी दाखवतो, अशी तक्रार १९६३ मध्ये मुंबईत पेटली. राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांची समिती नेमली, आणि तक्रारीत तथ्य असल्याचं तिनं दाखवून दिलं. संघटनांनी तेव्हा हाल सांगितले, पण मागितली ती मोजपट्टीची तपासणी. ती मोजपट्टी दुरुस्त झाल्यावर भत्ता वाढला आणि कोणाला तो परत खेचता आला नाही.

अमेरिकेत कसोटीची वेळ २०१३ नंतर आली. बफेलोच्या अपघातातल्या मृतांच्या नातेवाइकांनी नेटानं पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला, आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. प्रादेशिक कंपन्या म्हणू लागल्या की वैमानिकच मिळत नाहीत. संघटना म्हणाली, वैमानिक आहेत, पगार नाही. यावेळी तिनं एखाद्या दीनवाण्या उदाहरणाऐवजी सगळ्या कंपन्यांचे सुरुवातीचे दर गोळा करून मांडले. सरासरी २२ हजारांच्या आसपास. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं २०१४ च्या अहवालात ते दर उद्धृत केले. २००० ते २०१२ या काळात वैमानिकांची कमाई, महागाई वजा जाता, साडेनऊ टक्क्यांनी घटल्याचंही त्यानं नोंदवलं. माणसांचा तुटवडा असता तर कमाई वाढायला हवी होती. कंपन्यांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य अहवालाला आढळलं, कारण बहुतेक प्रादेशिक कंपन्यांना ठरवलेली भरती पुरी करता येत नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या होत्या. मग कोविडनंतर प्रवासी परतले, मोठ्या कंपन्यांनी भराभर माणसं उचलली, आणि जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय आणि पीडमॉन्ट या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर ताशी ९० डॉलरवर नेला. हमीच्या तासांवर वर्षाला ८० हजारांच्या वर. संघटना बरोबर होती, आणि तिनं आपला आकडा नीट मांडून ठेवलेला असल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

भारतात गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. इथे सरकारी विमान कंपन्यांत मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे अशी रचना होती. नव्वदच्या दशकात खाजगी कंपन्या वैमानिक ओढून नेऊ लागल्या तेव्हा त्यांना थांबवण्यासाठी उत्पादकतेशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता आला, आणि पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला. सॅलरी स्लिपवर मूळ पगाराकडे बोट दाखवावं तर गरीब, एकूण रकमेकडे दाखवावं तर लाखोंचा धनी. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, पण वैमानिक एका पगारावर आले नाहीत. एप्रिल-मे २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. समान पगार ही मुख्य मागणी होती, आणि उड्डाणाच्या ७५ तासांचा भत्ता निश्चित मिळावा ही दुसरी. दुसरी मागणी फार रास्त होती. विमानं जमिनीवर उभी राहिली, मार्ग बंद झाले, त्यात वैमानिकाचा काय दोष? पण संघटनेनं गैरव्यवस्थापनाच्या चौकशीची मागणी पुढे ठेवली, आणि पगाराचा मुद्दा त्यामागे झाकला गेला. ती चौकशीही व्हायला हवीच होती. पण लोकांनी वर्तमानपत्रांत लाखांचे आकडे वाचले आणि ठरवून टाकलं की यांना पैसेच हवेत आणि हे ते लपवतायत. ७५ तासांचा भत्ता म्हणजे काय, हे सामान्य प्रवाशापर्यंत पोचलंच नाही. वेतनाचा गुंता पुढे न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे गेला.

खाजगी कंपन्यांत कागदावरचा पगार मोठा होता, पण तो हातात पडेल याची हमी नव्हती. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा दोन्हींच्या वैमानिकांचे महिन्यांचे पगार थकलेले होते. त्यांतल्या अनेक तरुणांनी परवान्यासाठी आणि टाइप रेटिंगसाठी, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी, पन्नास लाखांच्या पुढे कर्ज काढलेलं. भारतातल्या वैमानिकाचा सरासरी पगार छापणाऱ्या बातमीत हा हप्ता कधी नसतो. मुलाला वैमानिक करायला निघालेल्या नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या घरानं आधी विचारायचा आकडा तो आहे.

एप्रिल २०२४ मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीत जे झालं ते मात्र वेगळं होतं. एअर इंडियात विलीन होण्याआधी कंपनीनं नवा करार पुढे केला. त्यात निश्चित पगार ७० ऐवजी ४० तासांच्या उड्डाणावर मिळणार होता, वरचे तास भरले तर जादा पैसे. वैमानिक मोठ्या संख्येनं कामावर आले नाहीत, फेऱ्या रद्द झाल्या, आणि काही काळ कंपनीला रोजची उड्डाणं दहा टक्क्यांच्या आसपास कमी करावी लागली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी हे दोन आकडे छापले, ७० आणि ४०. विमानतळावर अडकलेले प्रवासी वैमानिकांवर चिडलेले होते आणि त्यांना चिडायचा हक्क होता. पण वजाबाकी कोणालाही करता येत होती. महिन्यातल्या तीस तासांची हमी काढून घेतली जात होती, आणि तेवढ्या तासांची फेरी मिळेल की नाही हे वैमानिकाच्या नव्हे, तर वेळापत्रक आखणाऱ्याच्या हातात राहणार होतं.